इस्त्रीच्या टेबलाचं प्रामाणिक कापड

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. एकदा सांगायला लागले की मला मध्ये थांबायला आवडत नाही.

काम काय होतं? इस्त्रीच्या टेबलाला नवीन कापड लावायचं. बस्स! दोन मीटर कापड, मूठभर बारीक खिळे आणि एक दुपार. एवढ्या भांडवलावर मी माझ्या जन्मदात्या वडिलांना दक्षता अधिकाऱ्यासमोर आरोपी म्हणून उभं केलं. तेही शनिवारी, अर्ध्या दिवसाच्या ऑफिसात.

कसं जमलं, ते सांगते. तुम्ही चहा घ्या.

आम्ही तेव्हा भोपाळमध्ये एका सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये राहायचो. बाबा कारखान्यात फोरमन. नागपूरहून नोकरीसाठी आले आणि इथलेच झाले. मी नुकतीच समाजशास्त्रात एम.ए. झाले होते. नोकरी नव्हती, त्यामुळे देश सुधारायला भरपूर वेळ होता.

आमच्याकडे घडीचं इस्त्रीचं टेबल होतं. आमच्या क्वार्टरांच्या लाइनीत ही मोठी गोष्ट होती. बाकी सगळे पलंगावर चादर पसरून इस्त्री करायचे. चार इमली या बड्या अधिकाऱ्यांच्या वस्तीतल्या कुणा साहेबांची बदली झाली, तेव्हा बाबांनी ते त्यांच्याकडून रीतसर विकत घेतलं होतं. आई त्या टेबलाला लक्ष्मीसारखं जपायची.

त्या टेबलावरचं कापड मी जाळलं.

मुद्दाम नाही हो! त्या गुरुवारी मी इस्त्री करता करता आईला सांगत होते की, या देशातला सामान्य माणूस भ्रष्टाचाराला सरावला आहे, हाच खरा रोग आहे. आता मुद्दा महत्त्वाचा असला की मला बोलायला दोन्ही हात लागतात. दोन्ही हात वर, इस्त्री खाली. मी सामान्य माणसावरून प्रशासनावर आले, तेव्हा आई म्हणाली, "अनु, धूर येतोय."

मी म्हणाले, "येणारच! आतल्या आत किती वर्षं धुमसतंय!"

"टेबलातून येतोय गं!"

इस्त्री उचलली. खाली इस्त्रीच्याच आकाराचं काळंभोर भोक. असं रेखीव, की कापून काढल्यासारखं.

"तूच जाळलंस, तूच निस्तर," आई म्हणाली. "आणि रविवारच्या आत. सोमवारी बाबांना शपथ वाचायची आहे. चुरगळलेल्या शर्टात उभे राहणार का ते सगळ्यांपुढे?"

ही शपथेची भानगड आधी सांगायला हवी. कारखान्यात दरवर्षी दक्षता सप्ताह असायचा. पहिल्या सकाळी सगळे मैदानात उभे राहायचे, एकजण सचोटीची शपथ वाचायचा आणि बाकीचे त्याच्यामागे म्हणायचे. दरवर्षी कुणीतरी मोठा साहेब वाचायचा. त्या वर्षी वर ठरलं, की शपथ अशा माणसाने वाचावी ज्याच्याकडे कुणाला बोट दाखवता येणार नाही. आणि नाव निघालं बाबांचं.

बाबा काही बोलले नाहीत. बोलत नाहीतच ते. निवृत्तीला काही महिने उरले होते. इतक्या वर्षांत त्यांना ना पदक मिळालं, ना कधी फोटो लागला. पण त्या आठवड्यात रोज सकाळी बाथरूममधून पाण्याच्या आवाजाबरोबर शपथ ऐकू यायची. आमच्या बाबांनी बाथरूममध्ये आयुष्यात गाणं म्हटलेलं नाही. यावरून ओळखा.

तेव्हा त्या शर्टाला इस्त्री होणं भाग होतं. आणि मी ठरवलं, की करायचंच आहे तर नीट करायचं.

शुक्रवारी सकाळी शेजारच्या सक्सेना आंटी आल्या. जळक्या वासावरून त्यांनी सगळं ओळखलं.

"अरे अन्नू, कपड़ा खरीदने की क्या ज़रूरत? ये ले." त्यांनी एक पिवळसर, कडक, चकचकीत कापड पुढे केलं. "ग्लास क्लॉथ है. मोटर में लगता है. हमारे यहाँ पाँच साल से इसी पे प्रेस हो रही है. जलता ही नहीं!"

"आंटी, ये आया कहाँ से?"

"फैक्टरी में पड़ा था."

आता आमच्या टाउनशिपची ही एक रीत होती. पडद्यांचे दांडे कारखान्यात पडले होते. कपडे वाळत घालायची तार पडली होती. कुंड्या म्हणून वापरायचे ते चिनी मातीचे मोठमोठे इन्सुलेटर, ते तर रांगेने पडले होते. चोरी हा शब्द कुणी वापरत नसे. एवढा मोठा कारखाना, त्यात नेमक्या घरी लागणाऱ्या वस्तूच कशा पडतात, हा प्रश्न फक्त मला पडायचा.

"आंटी," मी म्हणाले, "ये राष्ट्र की संपत्ति है."

"हाँ, तो हम कौन पाकिस्तान के हैं?"

मी कापड परत त्यांच्या हातात दिलं. पण त्या काचेच्या धाग्यांच्या कापडाला हात लावल्यावर बोटांना जी खाज सुटली, ती संध्याकाळपर्यंत टिकली. सक्सेना अंकल पाच वर्षं पाठ खाजवत होते आणि सगळे त्यांना कडुनिंबाच्या पाण्याने आंघोळ करा म्हणून सांगत होते! मी हे आंटींना बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "नहीं नहीं, उनको तो टेंशन है."

माझं मात्र तिथेच ठरलं. आमच्या इस्त्रीच्या टेबलावर कारखान्याचा एक दोरासुद्धा लागणार नाही. ज्या शर्टात बाबा शपथ वाचणार, तो प्रामाणिक कापडावरच इस्त्री होणार!

संध्याकाळी मी बाबांना हे सांगितलं. बाबा पेपर वाचत होते.

"चांगलं आहे," ते म्हणाले. "जुनं कापड काढशील तेव्हा मला हाक मार."

हे वाक्य लक्षात ठेवा. मीही ठेवलं होतं, आणि पुढे त्याचा भलताच अर्थ लावला.

मग मी न्यू मार्केटला गेले. जाण्याआधी अभ्यास केला होता. टेबलाला थर दोन लागतात. खालचा मऊ, जाड, वाफ पिणारा. तो लोकरीचा हवा. फोम घातला तर तापून चिकटतो आणि घरभर रबराचा वास सुटतो. वरचा थर घट्ट विणीचा, न ताणणारा, शुद्ध सुती. रंगीत नको, कारण ओल्या शर्टाला रंग लागतो. पॉलिस्टर तर अजिबात नको, इस्त्रीला चिकटून वर येतं.

दुकानदाराने ड्रिलचं पांढरं कापड काढलं.

"प्योर कॉटन है, बहनजी."

"कशावरून?" मी मराठीतच विचारलं. तावातावात माझी भाषा बदलत नाही.

"मैं बोल रहा हूँ ना."

तो बोलतोय म्हणून? हा कसला पुरावा? शाळेत शिकलेलं मला आठवत होतं. सुती धागा जळला की कागदाचा वास येतो, लोकर जळली की केसांचा, आणि पॉलिस्टर वितळून त्याचा मणी होतो. मी कापडाच्या कडेचा एक धागा ओढला, पर्समधून काडेपेटी काढली आणि पेटवला.

हे सगळं कापडाच्या दुकानात, हां! भिंतीला भिडलेले छतापर्यंत गठ्ठे. दुकानदार गल्ल्यावरून उडी मारून आला. उडी! त्या शरीराने!

"बहनजी! ये दुकान है, प्रयोगशाला नहीं है!"

"कागदाचा वास येतोय," मी म्हणाले. "सुती आहे. दोन मीटर द्या."

त्याने इतक्या घाईने मापलं, की सव्वादोन मीटर दिलं. ते जास्तीचं कापड परत द्यायला मी दुसऱ्या दिवशी जाणार होते. पण दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे याहून मोठा गुन्हा उभा राहिला.

शनिवारी बाबा सकाळच्या पाळीला गेले. तीनला परत येणार होते. आई दिवाळीची चकली करायला दोन घरं सोडून गेली होती. मी अंगणात टेबल उलटं पाडलं आणि जुनं कापड काढायला लागले. बाबांना हाक मारायची होती, हे खरं. पण बाबा तीनला येणार आणि माझा हात तर आत्ताच शिवशिवत होता! खिळे काही निघेनात, तेव्हा मी सांडशी लावून ते उपटले. वाकडे झाले. होईनात का.

वरचं जळकं फुलाफुलांचं कापड निघालं. त्याच्याखाली माझ्या शाळेच्या निळ्या स्कर्टचं कापड. त्याच्याखाली आईची एक जुनी सुती साडी, घडी घालून. मला गंमत वाटायला लागली. म्हटलं, हे टेबल नाही, हा आमच्या कुटुंबाचा इतिहास आहे! आणि इतिहासाच्या तळाशी काय निघालं?

पांढरंशुभ्र, बोटभर जाड, मशीनखाली घालतात तसलं फेल्ट. त्याच्या बरोबर मध्यभागी, जांभळ्या शाईत, कारखान्याचा गोल शिक्का.

मी तिथेच मांडी घालून बसले.

आमच्या घरात? बाबांच्या घरात? जो माणूस कंपनीचं पेन खिशाला लावून घरी आला म्हणून सायकलवर परत देऊन आला होता, त्याच्या?

फेल्टच्या कोपऱ्यात आणखी काहीतरी होतं. वाकून पाहिलं. एक आकडा, तिरपी रेघ, पुन्हा एक आकडा. बाबांच्या अक्षरात!

आता तुम्ही असता तर काय समजला असता? नाही, खरं सांगा. मी समजले, की हा अनुक्रमांक आहे. चोरीच्या मालाचा. म्हणजे बाबा नोंद ठेवून चोरी करत होते. आणि नोंद ठेवायची वेळ येते याचा अर्थ माल एक नाही!

मग मी घराची झडती घेतली. माळा, कपाट, पलंगाखालची पेटी, पिठाचा डबा. पिठाच्या डब्यात हात कोपरापर्यंत घातला. काही सापडलं नाही. फक्त बाबांचा टॉर्च मिळाला, त्याला त्याचं दुकानाचं बिल दोऱ्याने बांधलेलं होतं. टेबलफॅनलाही बिल बांधलेलं. छत्रीलासुद्धा!

मी विचार केला, प्रामाणिक माणूस छत्रीला बिल कशाला बांधेल?

आणि मग ते वाक्य आठवलं. जुनं कापड काढशील तेव्हा मला हाक मार. असं होय! म्हणूनच!

मी तीन वाजेपर्यंत थांबायला हवं होतं, हे मला मान्य आहे. तेव्हा साडेदहा वाजले होते. साडेचार तास! साडेचार तासांत माणसाचा निश्चय ढिला पडतो. बाबा समोर आले असते, "काय गं, जेवलीस का?" म्हणाले असते, आणि मी विरघळले असते. तसं होऊन चालणार नव्हतं. सोमवारी हा माणूस हजारो लोकांपुढे सचोटीची शपथ वाचणार होता. वाचताना मनातून खचला असता. त्याआधी त्यांचं मन मोकळं करणं हे मुलगी म्हणून माझं कर्तव्य होतं. माल परत जाईल, बाबा कबूल करतील, साहेब म्हणतील, असा माणूस विरळा, आणि सोमवारी बाबा निर्मळ मनाने शपथ वाचतील. इतकं सरळ होतं ते माझ्या डोक्यात.

मी बसून अर्ज लिहिला. हिंदीत, कारण ऑफिसची भाषा हिंदी. तीन वेळा लिहिला. पहिल्यात राग जास्त झाला, दुसऱ्यात रडू. तिसरा जमला. "मेरे पिता श्री मनोहर देशकर कारखाने की संपत्ति वर्षों से घर में निजी उपयोग हेतु रखे हुए हैं," अशी सुरुवात. मध्ये राष्ट्र, श्रम आणि अंतरात्मा. शेवटी, "जब तक वे अपना अपराध स्वीकार न करें, उन्हें शपथ पढ़ने का कोई नैतिक अधिकार नहीं." वाचून माझे मलाच डोळे भरून आले.

फेल्ट गुंडाळून सायकलच्या कॅरियरला बांधलं आणि निघाले.

गेटवर शिपाई उठला. "बिटिया, ये क्या ले जा रही हो?"

"अंदर ले जा रही हूँ."

"अंदर?"

"अंदर. फैक्टरी का माल है, लौटाना है."

त्याने मला पुन्हा विचारलं. मग दुसऱ्या शिपायाला बोलावलं. दुसरा शिपाई फेल्टभोवती एक चक्कर मारून आला. आत नेलेला माल बाहेर कसा काढायचा, याबद्दल त्यांच्याकडे सगळे नियम होते. बाहेरचा माल कुणी आपण होऊन आत आणेल, असं नियम लिहिणाऱ्याच्याही मनात आलं नसावं. शेवटी त्यांनी भेटायला येणाऱ्यांच्या वहीत लिहिलं, "एक लड़की, साथ में एक कंबल."

दक्षता विभागाचे अधिकारी माथुर साहेब. बारीक माणूस, चष्मा नाकाच्या टोकावर. ते डबा उघडून बसले होते. मी अर्ज पुढे ठेवला. त्यांनी पोळी खाली ठेवली आणि वाचायला लागले. वाचता वाचता दोनदा माझ्याकडे पाहिलं.

"देशकरजी आपके पिता हैं?"

"जी."

"सगे?"

"जी."

त्यांनी डबा बंद केला. मग घंटी वाजवून शिपायाला बाबांच्या वर्कशॉपमध्ये पाठवलं.

ती दहा मिनिटं मला फार मोठी वाटली. माथुर साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सोमवार के लिए मैंने ही उनका नाम दिया था. अब ऊपर बताना पड़ेगा. नाम कट जाएगा."

"कट जाएगा?" मी म्हणाले. "पण… लेकिन वो मान लेंगे तो?"

"मान लेंगे तो पक्का कट जाएगा."

हे मी धरलंच नव्हतं! माझ्या डोक्यातल्या बेतात कबुलीनंतर टाळ्या होत्या. बाथरूममधला तो आवाज कानात यायला लागला.

बाबा आले. निळे कपडे, हातात ऑइलने माखलेलं फडकं. त्यांनी आधी फेल्टकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा फेल्टकडे.

"अनु, हे उन्हात घालायला हवं होतं," ते म्हणाले. "दमट झालंय."

माथुर साहेबांनी घसा साफ केला. "देशकरजी, एक शिकायत आई है."

"किसकी?"

"आपकी."

"किसने की?"

साहेबांनी पेनाने माझ्याकडे खूण केली.

बाबांनी मला मराठीत विचारलं, "कोपऱ्यातला नंबर पाहिला नाहीस?"

"पाहिला."

"मग?"

"मला वाटलं, अनुक्रमांक आहे."

"कशाचा?"

"चोरीच्या मालाचा."

बाबांनी चष्मा काढून त्याच ऑइलच्या फडक्याने पुसला. मग तो तसाच डोळ्यांवर चढवला. त्यातून त्यांना काय दिसत होतं देव जाणे. माझ्याकडे बघताना तरी बरंच झालं.

"साहब, आधा घंटा दीजिए," ते म्हणाले, आणि स्कूटरवर घरी गेले.

परत आले तेव्हा हातात एक फाईल होती. त्यावर बाबांच्या ठसठशीत अक्षरात, "घरसामान – किरकोळ." त्यातून त्यांनी एक पिवळा पडलेला कागद काढून ठेवला. गेट पास. नंबर तोच, फेल्टच्या कोपऱ्यातला. रद्द मालाच्या विक्रीत पैसे भरून घेतलेला फेल्टचा एक तुकडा. आणि "प्रयोजन" या शब्दापुढे, त्या काळच्या अधिकाऱ्याच्या सहीसकट, "घर में कपड़े प्रेस करना."

माथुर साहेबांनी तो कागद दोन्ही बाजूंनी निरखून पाहिला. "देशकरजी," शेवटी ते म्हणाले, "मुझे तो अपने मकान के कागज़ नहीं मिलते."

"मग," मी कशीबशी म्हणाले, "जुनं काढताना हाक मार, असं का म्हणालात?"

"खिळे वाकवशील म्हणून."

एकूण एक वाकवले होते.

पण माथुर साहेब हसले, हो! खरंच हसले. म्हणाले, चला, मिटलं. सोमवारी शपथ देशकरजीच वाचतील, आता तर नक्कीच! बाबांनी फेल्ट गुंडाळून काखेत घेतलं. माझ्या जिवात जीव आला. साहेबांनी गेट पासची नक्कल करून घेतली. ती माझ्या अर्जाच्या मागे टाचायची म्हणून अर्ज उलटा केला.

आणि थांबले.

"ये क्या है?"

अर्जाच्या मागच्या बाजूला रकाने छापलेले होते. मशीन नंबर. पाळी. ऑपरेटरचं नाव. बिघाडाचं कारण. सगळ्यात वर कारखान्याचं नाव, ठळक अक्षरात, त्याच गोल शिक्क्यासकट.

कोरा फॉर्म. पाठकोरा.

आता मी तुम्हाला कसं समजावू? आमच्या टाउनशिपमधली सगळी मुलं या फॉर्मांच्या मागे गणितं करून मोठी झाली. माझी एक मैत्रीण मला गठ्ठेच्या गठ्ठे द्यायची, तिच्या वडिलांच्या ऑफिसात पडलेले असायचे. कागद म्हणजे कागद! तो काय माल असतो? फेल्ट हा माल, तांब्याची तार हा माल. कागद तर हवेसारखा असतो. माझ्या एम.ए.च्या सगळ्या नोट्स याच्यामागे होत्या. वक्तृत्व स्पर्धेची भाषणं याच्यामागे होती. कॉलेजात मी हाताने लिहून वाटलेली भ्रष्टाचारविरोधी पत्रकं, तीसुद्धा याच्यामागे.

"अनु," बाबा म्हणाले, "हे कागद कॉलेजातून मिळतात, असं सांगितलं होतंस तू मला."

खोटं नव्हतं ते. मैत्रीण कॉलेजातच द्यायची.

"घर में और हैं?" साहेबांनी विचारलं.

"जी," मी म्हणाले. "पलंगाच्या… पलंग के नीचे. दो गठ्ठे." झडती घेताना मीच ते दोनदा बाजूला सरकवले होते. मागची पेटी काढायला अडचण होत होती त्यांची.

कुणाकडून आणले, हे त्यांनी विचारलं नाही. टाउनशिपमध्ये ते कुणी विचारत नसे.

बाबांनी काखेतलं फेल्ट हळूच खुर्चीवर ठेवलं. ताठ उभे राहिले. म्हणाले, "साहब, अब मैं शपथ नहीं पढ़ सकता. माल मेरे घर में निकला है."

अहो, त्यांचा आवाज! ओरडले असते तर बरं झालं असतं. कॅन्टीनमध्ये आज चहा नको म्हणावं, इतक्या साध्या आवाजात बोलले ते. मी म्हणाले, बाबा, कागदच आहेत हो! बाबा म्हणाले, "फेल्टच होतं की."

माथुर साहेबांनी डोकं धरलं. माझा अर्ज पुन्हा सरळ केला आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचला. मग शांतपणे मला म्हणाले, "बेटा, आपकी शिकायत एकदम सही है. फैक्टरी की संपत्ति, बरसों से, घर में, निजी उपयोग. एक-एक शब्द सही है. बस नाम ग़लत लिखे हैं. जहाँ पिताजी हैं वहाँ आप आ जाइए, और नीचे जहाँ आप हैं वहाँ पिताजी. शिकायत देशकरजी की तरफ़ से हुई, तो शपथ भी वही पढ़ेंगे. उनसे अच्छा आदमी कहाँ मिलेगा? अपनी बेटी तक को नहीं छोड़ा."

बाबांनी थोडा विचार केला आणि मान हलवली. नियमात बसत होतं.

"साफ़ लिखकर दे दीजिए," साहेब म्हणाले.

"हो, लगेच," मी म्हणाले, आणि खांद्यावरच्या झोळीत हात घालून एक नवा कोरा कागद काढला.

साहेब आणि बाबा दोघांनीही त्या कागदाकडे पाहिलं. मी कागद उलटून पाहिला. मशीन नंबर. पाळी. ऑपरेटरचं नाव.

माथुर साहेबांनी कपाटातून एक कागद काढून दिला. मी लिहायला बसले. "पिता श्री"च्या जागी "पुत्री कुमारी". राष्ट्र तसंच ठेवलं, श्रम तसेच ठेवले, अंतरात्मा तसाच ठेवला. शेवटच्या ओळीपाशी माझा हात थांबला.

"नैतिक अधिकार वाली लाइन हटा दूँ?" मी साहेबांना विचारलं.

साहेबांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी माझ्या हातातून अर्ज घेतला, तेलकट चष्म्यातून अथपासून इतिपर्यंत वाचला आणि एके ठिकाणी राहून गेलेली वेलांटी दिली.

"राहू दे," ते म्हणाले. "भाषा चांगली आहे."

आणि खाली सही केली.